तळटीप: डायाटमचे चार पडदे

* लेखकाने 'चार पडदे' एवढेच म्हणून विषय सोडला आहे; खरी गंमत पुढेच आहे. डायाटमचे लवक म्हणजे मुळात दुसऱ्या पेशीने गिळलेल्या लाल शैवालाचा अवशेष, म्हणून दोनाऐवजी चार पडदे. लवकाची बहुतेक जनुके आता केंद्रकात असल्याने प्रथिने बाहेर तयार होऊन आत जावी लागतात. अशा प्रथिनाच्या टोकाला दोन भागांचा पत्ता असतो. पहिला भाग त्याला आंतर्द्रव्यजालिकेत शिरवतो (सर्वांत बाहेरचा पडदा तिच्याशीच सलग आहे) आणि छाटला जातो. मग दुसरा उघडा पडतो. त्याच्या आरंभी बहुधा फेनिलॲलनिन लागते. ते बदलले तर प्रथिन वाटेतच अडकू शकते. दुसऱ्या पडद्याची तऱ्हा विलक्षण: बिघडलेली प्रथिने जालिकेबाहेर काढून टाकणारी गिळलेल्या शैवालाची यंत्रणाच इथे प्रथिने आत घेण्याच्या कामी लागली आहे. तिला 'सेल्मा' म्हणतात; मारबुर्गच्या संशोधकांनी ही कल्पना २००७ मध्ये मांडली. क्रिप्टोफाइट शैवालांत तिची काही जनुके गिळलेल्या शैवालाच्या उरल्यासुरल्या केंद्रकात अजून सापडतात. युग्लीनाचे लवक हिरव्या शैवालाचे, पडदे तीन. तिथे प्रथिने गॉल्जी पिंडामार्गे पुटिकांतून पोचतात. (संपा.)