मोबाईलमधले नंबर चुकून डिलीट झाले? परत मिळवण्यासाठी आधी काय तपासायचे, नंतर काय करायचे

कापूस वेचणीला मजूर आणणारा मुकादम, ट्रॅक्टरवाला, गावचा लाईनमन, तालुक्याच्या कृषी केंद्राचा मालक, खेडा खरेदी करणारा व्यापारी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकरी घरातला मोबाईल उघडून पाहा, असे नंबर भरपूर सापडतील. केळापूर किंवा झरी जामणीकडच्या लोकांच्या फोनमध्ये पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादचेही नंबर असतात. यातले बहुतेक नंबर गूगलवर शोधून मिळत नाहीत. ते फक्त आपल्या फोनमध्ये असतात, त्यामुळे एका चुकीच्या बटणाने गेले की हंगामाचे काम अडते.

चांगली गोष्ट अशी की डिलीट झालेले नंबर बऱ्याचदा परत मिळतात, तेही फुकट आणि घरबसल्या. मात्र त्याला मुदत असते. गूगल आणि ॲपल या दोन्हींकडे ही मुदत साधारण ३० दिवसांची आहे. म्हणून लवकर हालचाल करा, पण घाबरून फोन फॉरमॅट करू नका आणि दिसेल ते 'रिकव्हरी ॲप'ही टाकू नका. नंबर परत मिळेल की नाही हे एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे तो नंबर मुळात कुठे सेव्ह होता.

नंबर खरेच डिलीट झाले आहेत का?

अनेकदा नंबर जागेवरच असतात, फक्त दिसत नाहीत. आधी या तीन गोष्टी तपासा.

१. कॉन्टॅक्ट ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर किंवा मेनूवर टॅप करा. तिथे कोणत्या अकाउंटचे नंबर दाखवायचे हे ठरवता येते. चुकून फक्त 'सिम' किंवा फक्त 'डिव्हाइस' निवडले गेले असेल, तर बाकीचे सगळे नंबर गायब झाल्यासारखे वाटतात. 'सर्व कॉन्टॅक्ट' निवडा.

२. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडा. तुमचे गूगल अकाउंट तिथे आहे का ते पाहा. अकाउंट काढले गेले असेल, तर त्याच्याबरोबर त्याचे नंबरही फोनवरून जातात. अकाउंट पुन्हा जोडले की ते परत येतात.

३. त्याच ठिकाणी 'कॉन्टॅक्ट्स'चे सिंक चालू आहे का ते पाहा. बंद असेल तर चालू करून थोडा वेळ थांबा.

नंबर कुठे सेव्ह होतो?

नवा नंबर सेव्ह करताना फोन जागा विचारतो. आपण न वाचता पुढे जातो, पण जागा तीन असतात.

गूगल अकाउंट: नंबर फोनवर दिसतो, पण त्याची प्रत इंटरनेटवर तुमच्या अकाउंटमध्ये असते. परत मिळण्याची शक्यता इथे सर्वात जास्त.

फोनची मेमरी: नंबर फक्त त्याच फोनमध्ये असतो. फोन हरवला किंवा फॉरमॅट झाला आणि बॅकअप नसेल, तर नंबरही गेला.

सिम कार्ड: जुनी, साध्या फोनच्या काळापासूनची पद्धत. सिममध्ये साधारण २५० नंबर मावतात. सिमला 'ट्रॅश' नसतो. सिम हरवल्यावर कंपनी त्याच क्रमांकाचे नवे सिम देते, पण जुन्या सिमवरचे नंबर त्यात येत नाहीत.

गूगल अकाउंटमधले नंबर असे परत आणा

पहिला उपाय, ट्रॅश. गूगलचे 'कॉन्टॅक्ट्स' ॲप उघडा. खालच्या बाजूला 'ऑर्गनाइझ' असेल, जुन्या आवृत्तीत 'फिक्स अँड मॅनेज' असेल. त्यात 'ट्रॅश' किंवा 'बिन' उघडा. डिलीट केलेले नंबर तिथे ३० दिवस राहतात. हवा तो नंबर निवडून 'रिकव्हर' करा. नंबर कधी आणि कुठून डिलीट झाला याची नोंदही तिथे दिसते. त्यावरून चूक कोणत्या फोनवर झाली हे कळायला मदत होते.

दुसरा उपाय, अनडू. खूप नंबर एकदम गेले असतील, किंवा डिलीट नव्हे तर नावे एकमेकांत मिसळली असतील, तर हा उपाय चांगला. कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलच्या ब्राउझरमध्ये 'कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम' उघडा आणि त्याच अकाउंटने लॉग-इन करा. सेटिंग्जमध्ये 'अनडू चेंजेस' मिळेल. १० मिनिटांपूर्वी, १ तासापूर्वी, काल, आठवड्यापूर्वी किंवा गेल्या ३० दिवसांतली कोणतीही वेळ निवडता येते. यादी त्या वेळी जशी होती तशी होते. म्हणूनच त्यानंतर सेव्ह केलेले नवे नंबर आधी 'एक्सपोर्ट' करून ठेवा.

फोन हरवला असेल तर नंबर डिलीट झालेले नसतात. नव्या फोनमध्ये जुन्याच अकाउंटने लॉग-इन केले की ते येतात. पण लॉग-इनसाठी ओटीपी तुमच्या हरवलेल्या क्रमांकावरच येऊ शकतो. म्हणून आधी डुप्लिकेट सिम घ्या, मग लॉग-इन करा.

अकाउंटचा पासवर्डच माहीत नसेल तर?

ग्रामीण भागात ही खरी अडचण आहे. फोन घेताना दुकानदारच अकाउंट उघडून देतो. ईमेल कोणता, पासवर्ड काय, हे मालकाला कधी कळतच नाही. फोन चालू आहे तोपर्यंत काही बिघडत नाही. पण फोन पडून फुटला की नंबर इंटरनेटवर सुरक्षित असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

फोन सध्या चालू असेल तर हे काम आजच करा. सेटिंग्जमध्ये 'गूगल' उघडा. वर दिसणारा ईमेल वहीत लिहून घ्या. 'मॅनेज युअर गूगल अकाउंट'मध्ये 'सिक्युरिटी' उघडून 'रिकव्हरी फोन' तपासा. तिथे दुकानदाराचा किंवा बंद पडलेला क्रमांक असेल, तर बदलून आपला टाका. पासवर्ड आठवत नसेल तर 'फॉरगॉट पासवर्ड' निवडा. लॉग-इन असलेल्या फोनवर स्क्रीन लॉक किंवा ओटीपी वापरून नवा पासवर्ड ठेवता येतो. तिथेच 'युअर डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी फोन दिसला तर त्याला साइन-आउट करा.

जुने, पडून असलेले अकाउंटही लक्षात ठेवा. सलग २ वर्षे न वापरलेली वैयक्तिक अकाउंट गूगल काढून टाकू शकते. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. जुन्या अकाउंटमध्ये नंबर असतील तर अधूनमधून लॉग-इन करा.

एकाच अकाउंटवर घरातले दोन फोन

मुलगा पुण्यात शिकतो आणि वडिलांच्या नव्या फोनमध्ये सोपे म्हणून त्याचेच अकाउंट टाकलेले असते. मग मुलाच्या फोनवर वडिलांचे सगळे नंबर दिसू लागतात. 'हे कोण लोक?' म्हणून तो ओळख नसलेली नावे पुसतो, आणि काही मिनिटांत तेच नंबर गावाकडे वडिलांच्या फोनवरूनही जातात. यात कोणताही व्हायरस नसतो, सिंकचे काम असेच चालते. एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे लागू होतो.

अशा वेळी वर सांगितलेला ट्रॅश दोघांपैकी कुणाच्याही फोनवरून उघडता येतो. नंबर परत आले की वडिलांसाठी वेगळे अकाउंट उघडा आणि त्यांचे नंबर तिकडे हलवा.

फोनच्या मेमरीतले किंवा सिममधले नंबर

फोनच्या मेमरीतून नंबर गेला असेल तर आधी कंपनीच्या कॉन्टॅक्ट ॲपमध्ये 'ट्रॅश' आहे का पाहा. सॅमसंगसारख्या काही फोनमध्ये तो असतो आणि नंबर काही दिवस ठेवतो.

त्यानंतर बॅकअप तपासा. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'रिस्टोर कॉन्टॅक्ट्स' असे शोधा. फोनचा गूगल बॅकअप चालू असेल, तर मेमरीतल्या आणि सिममधल्या नंबरांची जुनी प्रत तिथून परत आणता येते. कधीकाळी दुकानात नंबर जुन्या फोनमधून नव्यात घेतले असतील, तर 'फाइल्स' ॲपमध्ये 'व्हीसीएफ' शोधा. शेवटी 'डॉट व्हीसीएफ' असलेली फाइल म्हणजे नंबरांची यादीच. ती उघडली की नंबर पुन्हा येतात.

कपाटातला जुना फोन विसरू नका. चार्ज करून पाहा. सुरू करताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर सिंक होऊन तिथलेही नंबर पुसले जाऊ शकतात.

आयफोन असेल तर

ब्राउझरमध्ये 'आयक्लाउड डॉट कॉम' उघडून ॲपल अकाउंटने लॉग-इन करा. 'डेटा रिकव्हरी'मध्ये 'रिस्टोर कॉन्टॅक्ट्स' मिळेल. गेल्या ३० दिवसांतल्या जुन्या याद्या तारखेनुसार दिसतात, हवी ती निवडा. निवडलेली यादी सध्याच्या यादीची जागा घेते, पण सध्याच्या यादीचीही प्रत ठेवली जाते. मात्र आयफोनमधले नंबर जीमेल अकाउंटमध्ये सेव्ह होत असतील, तर वरची गूगलची पद्धत वापरा.

ट्रॅश रिकामा, बॅकअप नाही. आता काय?

आता यादी परत येणार नाही, पण बरेच नंबर एकेक करून जमवता येतात.

व्हॉट्सॲप: नंबर डिलीट झाला तरी चॅट जात नाही. नावाच्या जागी फक्त नंबर दिसतो. जुने मेसेज आणि फोटो पाहून माणूस ओळखा आणि पुन्हा सेव्ह करा. गावाचा, नातेवाइकांचा, शाळेचा ग्रुप असेल तर सदस्यांच्या यादीत एकदम अनेक नंबर सापडतात.

कॉल यादी आणि एसएमएस: मिस्ड कॉलसकट सगळे चाळा. कॉलची वेळ आणि तारीख पाहिली की माणूस आठवतो.

यूपीआय ॲप: ज्यांना पैसे दिले त्यांची नावे व्यवहारांच्या इतिहासात राहतात, अनेकदा नंबरही दिसतो. कृषी केंद्र, ट्रॅक्टरवाला, किराणा दुकान इथे हमखास सापडते.

माणसे: मुकादमाचा नंबर शेजारच्या शेतकऱ्याकडे असतोच. 'माझे नंबर गेले, आपले नाव लिहून मेसेज करा' असे व्हॉट्सॲप स्टेटस ठेवले तरी पुष्कळ काम होते.

काही नंबर सेव्ह नसले तरी अडत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आणि शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१, हे पाठ असले की पुरे.

रिकव्हरी ॲप आणि खोटे 'कस्टमर केअर'

'एका क्लिकमध्ये सगळे नंबर परत' असे सांगणारी ॲप आणि व्हिडिओ खूप दिसतात. पण आताच्या फोनची मेमरी एन्क्रिप्टेड असते. ॲन्ड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये हे बंधनकारक आहे. फॉरमॅट केल्यावर आतला डेटा उघडण्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे बाहेरच्या ॲपच्या हाती काही लागत नाही. उलट असे ॲप तुमचे उरलेले नंबर, एसएमएस आणि फोटो वाचण्याची परवानगी मागते.

दुसरा धोका इंटरनेटवर शोधून सापडणाऱ्या 'कस्टमर केअर' नंबरचा. समोरचा माणूस मदत करतो म्हणून स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल पाठवतो. गेलेला नंबर परत येत नाहीच, बँकेतले पैसे मात्र जाऊ शकतात. ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन कुणालाही देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

• कॉन्टॅक्ट ॲपच्या सेटिंग्जमध्ये नवे नंबर सेव्ह होण्याची जागा 'गूगल अकाउंट' ठेवा.

• तिथेच 'डिव्हाइस कॉन्टॅक्ट्स'चेही सिंक चालू करा आणि सिमवरचे नंबर 'इम्पोर्ट' करून अकाउंटमध्ये आणा.

• वर्षातून दोनदा, खरीप पेरणीच्या आधी आणि कापूस वेचणीच्या आधी, सगळे नंबर 'एक्सपोर्ट' करा. तयार झालेली फाइल घरातल्या विश्वासू माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

• घरातले कुणी वारले तर त्यांचा फोन लगेच फॉरमॅट करून मुलांना देऊ नका. उधारी कुणाकडे, व्यवहार कुणाशी, लांबचे नातेवाईक कोण, हे त्या यादीतच असते. आधी नंबर काढून घ्या.

• अगदी गरजेचे वीस नंबर वहीत लिहा. फोन बंद पडला, सिम हरवले, रेंज गेली तरी वहीतला नंबर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतो.