एका घराचे दोन धनी

जाफा बंदराहून जेरुसलेमकडे चढणाऱ्या जुन्या वाटेवर रामला नावाचे गाव आहे. आठव्या शतकाच्या आरंभी सुलेमान नामक एका उमय्या राजपुत्राने ते वसविले. कोकण सोडून इस्रायलला गेलेल्या आपल्या बेने इस्रायल मंडळींचीही बरीच वस्ती आज तेथे आहे; तेव्हा हे नाव मराठी कानांना अगदीच परके वाटू नये. या गावातल्या एका घराची ही हकीकत.

पॅलेस्टाइनचा कलह म्हटला की डोळ्यांपुढे ठराव, सरहद्दी आणि रणगाडे येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने केलेला हल्ला आणि त्यामागून गाझात पेटलेले युद्ध यांच्या बातम्या आपण वाचल्या, त्याही मुख्यतः मृतांच्या आकड्यांनी. आकड्यांवरून कलहाची व्याप्ती कळते. परंतु तो मिटत का नाही हे कळावयाचे तर एखादे घरच जवळून पाहावे लागते.

रामल्यातले हे दगडी घर अहमद खैरी या अरब गृहस्थाने १९३६ साली बांधले आणि मागल्या अंगणात लिंबाचे झाड लावले. १९४२ साली त्याला बशीर हा मुलगा झाला. १९४८ च्या जुलैत इस्रायली सैन्याने रामला व शेजारचे लिद्द ही दोन्ही गावे घेतली आणि तेथल्या पन्नास हजारांहून अधिक अरबांना घराबाहेर काढले. ऐन उन्हाळ्यात लोक रामल्लाच्या दिशेने चालू लागले. (रामला आणि रामल्ला ही नावे सारखी वाटली तरी गावे निराळी.) बशीर तेव्हा सहा वर्षांचा होता. चार दिवसांत परत येऊ, अशाच समजुतीने पुष्कळांनी घरे सोडली होती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बल्गेरियाहून एश्केनाझी नावाचे ज्यू कुटुंब बोटीने इस्रायलला आले. त्यांची कन्या दालिया अवघ्या अकरा महिन्यांची होती. ही माणसे काही सुखासुखी निघालेली नव्हती. मार्च १९४३ मध्ये बल्गेरियातील ज्यूंना नाझींच्या मरणछावण्यांकडे धाडण्याचा बेत पक्का झाला होता. संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव आणि प्लोव्दिवचे धर्मगुरू किरिल यांच्यासारखी माणसे आडवी आली, म्हणून सुमारे ४८ हजार जीव वाचले. बल्गेरियाच्या ताब्यातील थ्रेस व मॅसिडोनिया येथल्या अकरा हजारांहून अधिक ज्यूंच्या नशिबी मात्र मरणच आले. अशा या निर्वासित कुटुंबाला रामल्यातले एक रिकामे घर मिळाले. ते खैरींचे होते. येथले अरब आपण होऊन पळून गेले, असेच दालियाला लहानपणी सांगण्यात आले.

१९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर मधली सरहद्द ओलांडता येऊ लागली. त्या उन्हाळ्यात बशीर आणि त्याचे दोन चुलतभाऊ आपापली घरे पाहावयास रामल्याला आले. पहिल्या घराच्या दारातून त्यांना हाकलून दिले. दुसऱ्या घराची शाळा झाली होती. तिसऱ्या घराची घंटा बशीरने वाजविली. दालिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि घरात एकटी होती. ही मंडळी कोण हे ती उमजली. क्षणभर विचार करून तिने त्यांना आत या म्हटले. त्या दिवशी तिला कळले, की ज्याला ती आपले घर म्हणत आली तेच आणखी कुणाचे तरी घर होते.

पुढे एकदा बशीरचे वृद्ध वडीलही आले. त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी घराचे दगड हातांनी चाचपले, लिंबाच्या झाडाशी जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. दालियाच्या वडिलांनी काही लिंबे तोडून त्यांच्या हातात दिली. अहमद खैरी वारल्यावर त्यांच्या पत्नीने सांगितले, की रात्री झोप लागेनाशी झाली म्हणजे ते एक सुकलेले लिंबू मुठीत धरून येरझारा घालीत.

येथे गोष्ट संपती तर ती गोड झाली असती. पण बशीर आपल्या हक्कावरून तिळभर ढळला नाही. १९१७ पूर्वी येथे असलेल्या ज्यूंनी राहावे, नंतर आलेल्यांनी परत जावे, असे त्याचे म्हणणे. मग मी जावे कोठे, असा दालियाचा प्रश्न. आणि त्याला उत्तर नव्हते. १९६९ साली जेरुसलेममधील एका दुकानात झालेल्या स्फोटात दोन विद्यार्थी ठार झाले. त्या प्रकरणी इस्रायली न्यायालयाने बशीरला दोषी ठरविले. पंधरा वर्षे तो तुरुंगात होता. ज्याला आपण घरात घेतले तोच हा, हे दालियाला किती लागले असेल!

तरीही तो सुटल्यावर तिने त्याची भेट घेतली. आईवडिलांच्या पश्चात घर तिच्याकडे आले होते. या घराचे काय करावे, हे तिने त्यालाच विचारले. रामल्यातल्या अरब मुलांना येथे खेळू द्यावे, बागडू द्यावे, असे त्याने सुचविले. आपले बालपण येथे हरवले, ते निदान त्यांना मिळो. १९८८ च्या जानेवारीत इस्रायलने त्याला लेबनॉनमध्ये हद्दपार केले, तेव्हा दालियाने वृत्तपत्रातून त्याला जाहीर पत्र लिहिले. त्यात तिने आपल्या देशाचा दोष सांगितला आणि हिंसेबद्दल त्यालाही जाब विचारला. उत्तरी त्याने कळविले, की लहानपणी गाझात खेळणे समजून उचललेल्या स्फोटक वस्तूने त्याचा डावा हात नेला होता. इतकी वर्षे तो हात खिशात लपवून तो तिच्याशी बोलत आला होता.

१९९१ साली त्या घरात अरब मुलांचे बालकमंदिर आणि अरब-ज्यूंच्या भेटीगाठींचे केंद्र सुरू झाले. घर कुणाचे, हा वाद दोघांत कधीच मिटला नाही. बशीरने हक्क सोडला नाही आणि दालियाने देश सोडला नाही. एकमेकांचे दुःख खोटे आहे, एवढे मात्र दोघांपैकी कुणीही म्हटले नाही. दोन्ही राष्ट्रांना जे साधले नाही ते हेच होय. जो दुसऱ्याचे दुःख खरे मानतो त्याला निदान पुढचे बोलणे शक्य राहते. जो ते नाकारतो त्याच्यापाशी बंदुकीवाचून उरतेच काय?

ते जुने लिंबाचे झाड १९९८ साली वाळले. २००५ च्या जानेवारीत, वृक्षारोपणाच्या ज्यू सणाला, अरब आणि ज्यू मुलांनी मिळून त्याच अंगणात लिंबाचे नवे रोप लावले. मुलांनी हातांनी माती दाबली आणि पाणी घातले.