मणका ‘बसवताना’ येणारा कडकन आवाज नेमका कशाचा?

चामोर्शी भागात धानाची रोवणी सुरू झाली की ओपीडीत कंबरदुखीचे रुग्ण वाढतात. दिवसभर चिखलात वाकून काम केल्यावर कंबर धरणे साहजिक आहे. यातले बरेच जण माझ्याकडे येण्याआधी कुणाकडून तरी कंबर ‘बसवून’ आलेले असतात. “डॉक्टरसाहेब, मणका सरकला होता. कडकन आवाज आला अन् जागेवर बसला. पण आता पुन्हा दुखून राहिलं,” असे ते सांगतात.

कुणी हाडवैद्याकडे जातो, कुणी पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेऊन ‘उसण’ काढतो, तर कुणी कटिंगच्या दुकानात मान मोडून घेतो. शहरांत कायरोप्रॅक्टर आणि काही फिजिओथेरपिस्टही हाताने मणक्यांना झटका देण्याचा उपचार करतात. या सगळ्यांच्या शिक्षणात मोठा फरक आहे, पण आवाज एकच. तो ऐकला की हाड जागेवर बसले असे आपल्याला वाटते. हा समज चुकीचा आहे आणि कधी कधी तो महागात पडतो.

आवाज कुठून येतो?

प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे एकेक छोटा सांधा असतो. बोटांच्या सांध्याप्रमाणेच त्याच्याभोवती बंद पिशवी असते आणि आत वंगणासारखा द्रव असतो. या द्रवात कार्बन डायऑक्साइडसारखे वायू विरघळलेले असतात. सांधा झटक्याने ताणला गेला की आतली पोकळी वाढते, द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि वायूचा बुडबुडा तयार होतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर बुडबुडे दिसतात, तसेच काहीसे. कडकन आवाज या घडामोडीचा असतो. हाडावर हाड आपटल्याचा किंवा हाड सरकल्याचा तो आवाज नसतो.

यावरचे संशोधन मुख्यतः बोटांच्या सांध्यांवर झाले आहे. १९७१ साली इंग्लंडमधील लीड्सच्या संशोधकांनी बुडबुडा फुटण्यामुळे आवाज होतो असे मांडले. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून पाहिले, तेव्हा आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि ती आवाजानंतरही टिकून होती. २०१८ साली गणिती प्रारूपातून बुडबुडा अर्धवट कोसळला तरी असा आवाज येऊ शकतो असे दाखवले गेले. म्हणजे नेमका क्षण कोणता यावर वाद आहे, पण कारण वायूचा बुडबुडा आहे यावर सहमती आहे. मणक्यांच्या आवाजामागेही हेच कारण मानले जाते.

एकदा बोट मोडल्यावर तेच बोट लगेच पुन्हा का वाजत नाही, हेही यातून कळते. वायू द्रवात पुन्हा विरघळायला साधारण २० मिनिटे लागतात.

मग बरे का वाटते?

झटक्याने आजूबाजूचे स्नायू ताणले जाऊन थोडे सैल पडतात आणि मेंदूकडे जाणारे दुखण्याचे संदेश काही वेळ मंदावतात. शिवाय आवाज ऐकून ‘काम झाले’ असा विश्वास वाटतो. हा आराम खरा असतो, पण बहुधा थोड्या वेळाचा.

आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला, असेही नाही. कंबरदुखीच्या रुग्णांना प्रशिक्षित माणसाने झटका दिला, तेव्हा आवाज आलेल्या आणि न आलेल्या रुग्णांच्या सुधारण्यात फरक आढळला नाही. २००४ सालच्या एका अभ्यासात, कंबरेच्या ज्या सांध्याला झटका द्यायचा होता त्यापासून आवाज सरासरी ५ सेंटीमीटर दूरच्या सांध्यातून आला होता. एकूण पाहता, साध्या कंबरदुखीत या उपचाराचा फायदा व्यायामासारख्या इतर उपचारांइतकाच असतो.

‘मणका सरकला’ म्हणजे काय?

साध्या कंबरदुखीत मणका जागचा हललेला नसतो. स्नायू किंवा सांधा आखडलेला असतो. दोन मणक्यांमधली गादी बाहेर आली असेल, तर तीही झटक्याने आत ‘बसत’ नाही. मोठ्या अपघातात मणका खरोखर सरकतो, पण तेव्हा हात लावणेच धोक्याचे असते.

बोटे मोडण्याची सवय असेल तर?

न दुखता, न सुजता बोटे वाजत असतील तर काळजी नको. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड अंगर यांनी ६० हून अधिक वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली. शेवटी दोन्ही हातांत संधिवात नव्हता.

झटका कुणी घेऊ नये?

मानेला झटका कुणाकडूनही घेऊ नका, कटिंगच्या दुकानात तर नाहीच. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण झालेले नुकसान आयुष्यभराचे असू शकते. २०२४ साली कर्नाटकातील बळ्ळारी येथे सलूनमध्ये मान मोडल्यानंतर एका तरुणाला पक्षाघात झाल्याची बातमी आली होती.

पाठीला झटका किंवा लाथ यांनी घेऊ नये:

• वयस्क माणसे, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रिया. ठिसूळ झालेला मणका मोडू शकतो.
• सिकलसेलचे रुग्ण. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत हा आजार बराच आढळतो. त्यात पाठ दुखणे ही सिकलसेलची कळ असू शकते. तिला पाणी, वेदनाशामक औषध आणि दवाखाना हवा.
• संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी पाठदुखी असलेले रुग्ण. हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. किडलेल्या मणक्याला झटका बसला तर पाय लुळे पडू शकतात. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.
• कॅन्सर झालेले, पडून मार लागलेले किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणारे रुग्ण.

ताबडतोब दवाखाना कधी?

पायांतली ताकद जाणे, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे. तसेच मान मोडल्यानंतर चक्कर, तोल जाणे, दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे, तोंड वाकडे होणे, मानेत किंवा डोक्यात कधी नव्हे अशी तीव्र कळ. ही लक्षणे काही तासांनी किंवा काही दिवसांनीही येऊ शकतात. सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

साध्या कंबरदुखीत काय करावे?

अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तितके चालत राहा. गरम शेक घ्या. रोवणीत अधूनमधून सरळ उभे राहून कंबर हलकेच मागे ताणा. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. होत नसेल तर तपासणी करून घ्या आणि कंबर कुठे बसवून घेतली असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. त्यावर कुणी रागावणार नाही, उलट निदानाला मदतच होईल.