एका सुतात: तीनचाकीचं इंजिन बदलतं तेव्हा

हिवाळा आला की अमेरिकेत मोटारसायकलींचं गिऱ्हाईक आटायचं. 1967 साली अमेरिकन होंडाने जपानमधल्या संशोधन विभागाकडे मागणी केली, की या थंड महिन्यांत डीलरना विकता येईल असं काहीतरी बनवा. काम आलं ओसामू ताकेउची या अभियंत्याकडे. त्यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत वेगवेगळे नमुने करून पाहिले आणि अखेर तीन चाकांवर शिक्कामोर्तब केलं. बर्फ, चिखल आणि वाळूत छोट्या इंजिनाचा जोर वाया न घालवता वळणारं यंत्र त्यांना तीन चाकांतच सापडलं.

1970 मध्ये ते यूएस 90 या नावाने बाजारात आलं. 89 सीसीचं इंजिन, किंमत 595 डॉलर. स्प्रिंग कुठेच नव्हती. जाड, फुगीर टायरांत अगदी कमी हवा ठेवायची आणि खड्ड्यांचे धक्के त्या टायरांनीच गिळायचे. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या चित्रपटात खुद्द जेम्स बाँड त्यावर बसला. ‘ऑल टेरेन सायकल’ म्हणजे एटीसी हे नाव नंतर रूढ झालं.

या यंत्रात इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत चेन पोचवते. तिचा इतिहास तीनचाकीशी जुळलेला आहे. 1870च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात तीनचाकी सायकलींचा मोठा बोलबाला होता. जेम्स स्टार्ली यांनी 1877 मध्ये अशाच एका चेनच्या तीनचाकीला डिफरन्शियल बसवलं, म्हणजे वळताना बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरू शकेल. त्यानंतर स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. पिनवर बुश, बुशवर फिरता रोलर ही त्यांची रचना. रोलर चक्राच्या दातावर घासत नाही, फिरत जातो. आजची मोटारसायकलची चेन मूलतः तीच आहे.

होंडाच्या तीनचाकीने रेनॉल्डची चेन घेतली, स्टार्लीचं डिफरन्शियल मात्र घेतलं नाही. आपल्या रिक्षाची मागची दोन चाकं वळताना आपापल्या गतीने फिरतात. एटीसीची एकाच अखंड आसावर, एकाच गतीने फिरतात. म्हणून चालवणाऱ्याला वळणावर अंगाचा भार बरोबर ठिकाणी टाकून आतलं चाक हलकं करावं लागतं. हे ज्याला जमलं त्याला वाळूच्या टेकड्यांवर निखळ आनंद मिळाला. ज्याला जमलं नाही तो उलटला.

1981 साली एटीसी 250आर आली आणि खेळ बदलला. टू-स्ट्रोक इंजिन, पुढे-मागे सस्पेन्शन. आता ही शर्यतीची गाडी झाली होती. कावासाकीने टेकाटे आणली, यामाहाने ट्राय-झी. त्याच काळात रुग्णालयांत जखमींची रांग वाढत गेली आणि त्यांत लहान मुलं फार होती, ही या इतिहासातली सर्वांत दुखरी बाजू. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1985 मध्ये चौकशी हाती घेतली. डिसेंबर 1987च्या अखेरीस सरकार आणि कंपन्यांत समझोता झाला, एप्रिल 1988 मध्ये न्यायालयाने त्यावर मोहोर उमटवली. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं.

पण लोकांच्या घरी असलेल्या गाड्या परत मागवल्या गेल्या नाहीत. त्या कोठारांत, शेडमध्ये, वाळवंटाच्या कडेच्या गावांत तशाच राहिल्या. सांगाडे मजबूत होते, इंजिनं झिजत होती आणि सुटे भाग वर्षागणिक दुर्मीळ होत चालले होते. दुसरं इंजिन बसवण्याची विद्या या गरजेतून वाढली. सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे 250आरची चौकट आणि होंडाच्याच सीआर 500 मोटारसायकलचं इंजिन. 250आरचं उत्पादन 1986 सालच्या मॉडेलवर थांबलं. सीआर 500 मात्र 2001 पर्यंत बनत राहिली. 491 सीसीचं इंजिन, म्हणजे मूळच्या जवळजवळ दुप्पट.

इंजिन बसलं, नळ्या जोडल्या, किक मारली, धूर आला, की काम संपलं असं नवख्याला वाटतं. खरी कसोटी चेनची असते. चेन ज्यांवर चढते ती दातेरी चक्रं, म्हणजे इंजिनाचं छोटं स्प्रॉकेट आणि आसावरचं मोठं स्प्रॉकेट, एका सुतात आलं पाहिजे. मूळ इंजिनासाठी ती रेषा कारखान्याने ठरवून दिलेली असते. परक्या इंजिनासाठी ती स्वतःच शोधावी लागते.

चूक दोन प्रकारची होते. एकात दोन्ही स्प्रॉकेट समांतर असतात, पण एक थोडं आत, दुसरं थोडं बाहेर. दुसरीत इंजिनच तिरकं बसलेलं असतं आणि त्याचा शाफ्ट मागच्या आसाला समांतर नसतो. पहिली चूक वॉशरने किंवा लेथवर हब घासून सुधारता येते. दुसरीवर वॉशरचा इलाज नाही, तिथे इंजिन चौकटीला धरणाऱ्या पट्ट्याच बदलाव्या लागतात. नेमकी कुठली चूक आहे हे न बघता वॉशर कोंबत सुटणं हा या कामातला सर्वांत महागडा उतावीळपणा आहे. तपासायला मोठ्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला सरळ पट्टी टेकवून ती पुढे इंजिनापर्यंत न्यायची, किंवा ताणलेला दोरा दोन्ही स्प्रॉकेटना कडेकडेला टेकतो का ते पाहायचं. दोन्ही स्प्रॉकेटची जाडी वेगळी असली तर तो फरक हिशेबात धरायचा. फरक मिलिमीटरच्या आत आणल्याशिवाय चांगला कारागीर वेल्डिंगला हात घालत नाही. आधी नुसते टाके मारतो, चेन चढवतो, पुन्हा मोजतो, मग पक्कं वेल्ड करतो. आणि वेल्डच्या उष्णतेने लोखंड ओढलं जातं म्हणून त्यानंतरही मोजतो.

चेनचं मापही जुळावं लागतं. 520 या आकड्यातला 5 म्हणजे दोन पिनांमधलं अंतर पाच अष्टमांश इंच, 15.875 मिलिमीटर, 20 हा आतल्या रुंदीचा, पाव इंच. आपल्याकडच्या बऱ्याच रोजच्या वापराच्या मोटारसायकलींना 428 लागते. तिचं पिनांतलं अंतर अर्धा इंच. एका मापाची चेन दुसऱ्या मापाच्या दातांवर बसत नाही.

ताणाचाही प्रश्न आहे. मागचा आस धरणारी, खालीवर हलणारी स्विंगआर्म ज्या बोल्टवर फिरते तो आणि इंजिनाचं स्प्रॉकेट यांची केंद्रं एक नसतात, म्हणून गाडी खालीवर होताना चेन ताणते-सैल पडते. नव्या इंजिनाने या केंद्रांतलं अंतर वाढलं तर फरकही वाढतो. इंजिनाचा शाफ्ट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत घट्ट असते. म्हणून शॉक सोडून, स्विंगआर्म उचलून, त्याच स्थितीत ढिलाई ठेवायची.

रेषा चुकली की दातांची एकच बाजू चकाकू लागते, चेनच्या आतल्या पट्ट्या घासतात. तिथेही दुर्लक्ष झालं तर चेन उतरते. ती छोट्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली गेली तर इंजिनाचं केसिंग फोडते. आसाशी अडकली तर अखंड आसामुळे मागची दोन्ही चाकं एकदम जाम होतात.

2008 च्या कायद्याने अमेरिकेत नव्या तीनचाकीची आयात आणि विक्री बंद केली आहे. उरले ते जुने सांगाडेच. त्यांना जगवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती: मोठं इंजिन बसवताना जागा होत नाही म्हणून चेनचं गार्ड काढून टाकू नका, आणि पहिल्या फेरीनंतर दोरा पुन्हा एकदा धरून पाहा.