चार बाजू आणि एक पापड

सगळ्यात आधी अंगावरचं ते पातळ जॅकेट काढा. तुम्ही मँचेस्टरच्या पीटर स्ट्रीटवर उभे आहात, 1973 चा नोव्हेंबर संपत आलाय. इथला पाऊस पडतोय असं वाटतच नाही. दहा मिनिटांनी कळतं की आपण आतपर्यंत भिजलोय. रांगेतल्या पोरांनी सैन्याच्या जुन्या मालातले घोट्यापर्यंतचे लोकरी ओव्हरकोट चढवलेत. त्यातलाच एक तुमच्यासाठी आणलाय. जड आहे, भिजला की आणखी जड होतो, आणि त्याला ओली लोकर, सिगारेट आणि पचौली तेल यांचा मिळून एक वास आहे. आज रात्री सगळ्या सभागृहाला हाच वास येणार आहे, तेव्हा नाकाला आत्ताच सवय करून घ्या.

मोबाइल बाहेर काढायचा नाही. आणि पुढं काय होणार हे तुम्हाला ठाऊक असलं, तरी कुणाजवळ बोलायचं नाही. एवढे दोनच नियम.

समोरची काजळी धरलेली दगडी इमारत म्हणजे फ्री ट्रेड हॉल. एरवी इथं हॅले ऑर्केस्ट्रा वाजतो. आज ‘येस’ हा रॉक बँड वाजवणार आहे, आणि तेही अजून दुकानात न आलेला अल्बम, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. दोन रेकॉर्ड, चार गाणी, प्रत्येक गाण्याला अख्खी एक बाजू, सगळी मिळून ऐंशी मिनिटं. नाव ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. रांगेत कुणीही तो ऐकलेला नाही, तरी मतं सगळ्यांची तयार आहेत.

तुमचा चेहरा बघून पुढचा दाढीवाला वळतो. ‘‘इंडिया ना? मग सांग, ते चार काय आहे?’’

गडबडू नका. गायक जॉन अँडरसनला ‘येस’च्याच जुन्या ड्रमरच्या, बिल ब्रुफर्डच्या लग्नात कुणीतरी परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. त्या पुस्तकातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार भाग दिलेत, आणि त्या चार भागांवर हा चार बाजूंचा डोलारा उभा आहे. तुम्ही म्हणता, ‘‘श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र.’’ रांगेत शांतता. तुम्हाला याहून जास्त काही येत नाही हे त्यांना माहीत नाही. आजीबरोबर जांभया देत ऐकलेल्या कीर्तनांना मँचेस्टरमध्ये एवढा भाव येईल असं वाटलं होतं? दाढीवाला अर्धी उरलेली सिगारेट तुमच्या हातात ठेवतो. इथं हा सन्मान आहे. नको असेल तर मागच्याला द्या.

आत या. गरम वाफ तोंडावर येते. अडीच हजार ओले कोट एकदम वाळायला लागलेत. छताखाली धुराचा थर आहे, कारण सभागृहात सिगारेट ओढण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पायाखाली काहीतरी चिकट सांडलंय. मंचावर फायबरग्लासचे विचित्र आकार उभे आहेत. हे अल्बमचं मुखपृष्ठ काढणारा रोजर डीन आणि त्याचा भाऊ मार्टिन यांचं काम. दिवे जातात, स्त्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’ची टेप सुरू होते आणि तुमच्या शेजारची मुलगी तुमचा दंड धरते. ओळख नाही, पण हात सोडवून घेऊ नका.

पहिला भाग ओळखीचा आहे. मागच्या अल्बमची गाणी सगळ्यांना पाठ. लोक गातायत, खुर्च्यांची लाकडं करकरतायत. ख्रिस स्क्वायरचा बेस कानाला ऐकू येण्याआधी बरगड्यांत शिरतो. मग नवा अल्बम सुरू होतो. अँडरसन जवळजवळ एकाच सुरावर, आपण शाळेत पाढे म्हणायचो तसं, शब्दांमागून शब्द सोडत जातो. अडीच हजार माणसं एकाच वेळी गोंधळतात. टाळी कुठं वाजवायची? संपलं असं वाटतं, तर ते वळण असतं. कुणीतरी उत्साहाने एकटाच टाळ्या वाजवतो आणि मग खुर्चीत खाली सरकतो.

दुसऱ्या बाजूपर्यंत तुमचा पार्श्वभाग स्वतःचं मत बनवायला लागतो. खुर्ची टणक, गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले, कोट मांडीवर घेतला तर उकडतं आणि खाली ठेवला तर चिकटतो. पुढच्या ओळीत एक जण डोळे मिटून डोलतोय. त्याच्या शेजारचाही डोळे मिटून आहे, पण त्याचं तोंड उघडं आहे. मेलोट्रॉनचे ढग सरकत राहतात; या वाद्याच्या प्रत्येक पट्टीला आत ध्वनिफितीचा एक तुकडा जोडलेला असतो, आणि पट्टी दाबली की त्यातून व्हायोलिनं किंवा माणसांचे आवाज निघतात.

आता मेलोट्रॉनवाल्याकडे बघा. चमचमता झगा, सोनेरी केस कमरेकडे निघालेले: रिक वेकमन. त्याला हा अल्बम फारसा आवडलेला नाही. त्याचं म्हणणं, एका रेकॉर्डला जास्त आणि दोन रेकॉर्डना कमी एवढा माल होता, म्हणून मधे भर घातली. पुढं काय झालं ते तो स्वतःच आयुष्यभर रंगवून सांगणार आहे. ऑर्गनखाली दुरुस्तीसाठी पडून राहिलेल्या मदतनिसाने विचारलं, कार्यक्रमानंतर काय खाणार? वेकमनने यादी दिली: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, भरलेला पराठा. मदतनिसाने ‘नंतर’ हा शब्द ऐकलाच नाही. थोड्या वेळाने डबे चालू कार्यक्रमात, कीबोर्डपाशी हजर.

तुमच्या नाकाला बाकीच्यांच्या आधी कळतं, नाही का? ओली लोकर आणि पचौलीच्या मधून जिऱ्या-व्हिनेगरची एक रेघ येते. गोव्याहून निघालेलं विंदालू इंग्रजांच्या मंचावर पोहोचलंय, शास्त्रांवर आधारलेल्या संगीताच्या ऐन मध्यात. भोवतालचे लोक तळटीपेतलं भारतीय अध्यात्म समजून घेण्याच्या खटपटीत आहेत आणि तुम्हाला फक्त भूक लागलीय. अँडरसन वास काढत तिकडे जातो. रागावेल असं वाटतं. तो एक पापड उचलतो आणि खातो.

चला, आता पुढं सरकू. पकडून ठेवा काहीतरी.

1974 चा जानेवारी. मँचेस्टरच्याच रुशोम भागातली विद्यार्थ्यांची खोली. गॅसच्या शेगडीपुढे पाच जण, समोरून भाजलेले आणि पाठीमागून गारठलेले. एक जण काट्याला पाव टोचून शेगडीवर टोस्ट करतोय. वीज वाचवायची म्हणून टीव्हीचे कार्यक्रम सध्या साडेदहालाच बंद होतात, त्यामुळे रात्र फार लांब आहे आणि रेकॉर्ड मात्र दोनच. पण कोणत्या! ‘टोपोग्राफिक ओशन्स’ देशात विक्रीत पहिल्या क्रमांकावर आहे.

पुठ्ठ्याचं मोठं आवरण हातात घ्या. त्याला नव्या छपाईचा वास आहे. डीनच्या चित्रात मासे पोहतायत, मागे चिचेन इत्झाचं मंदिर आहे, आणि खडक ब्रिटनमधले, खरेखुरे. यॉर्कशायरचा पोरगा ब्रिम्हॅमच्या खडकांवर बोट ठेवून ‘‘हे आमच्याकडचे’’ असं येईल त्याला ऐकवतो. चित्रावर टोस्टचा चुरा पडू देऊ नका. रेकॉर्ड कडेनेच धरायची. बोटाचा ठसा उमटला तर या घरातून हाकलतात. सुई टेकते, चरचर होते आणि वीस मिनिटं कुणी उठत नाही. उठलं तर लाकडी जमीन हलते आणि सुई उडते.

बाजू संपली की मात्र तोंडं सुटतात.

रसायनशास्त्र शिकणारी मुलगी म्हणते, पहिली बाजू म्हणजे शिखर. तोच सूर तीनदा येतो आणि तीनदा वेगळा होऊन येतो. टोस्टवाला म्हणतो, पहिली ठेवा, चौथी ठेवा, मधलं फेकून द्या, उत्तम एकेरी रेकॉर्ड होईल. तिसरा अजून ब्रुफर्डच्या सुतकात आहे. ब्रुफर्ड दीड वर्षापूर्वी किंग क्रिम्झन या दुसऱ्या बँडमध्ये गेला, आणि तो असता तर या लोकांना इतकं पसरू दिलं नसतं, असं त्याचं ठाम मत. त्यावर मुलगी चौथ्या बाजूकडे बोट दाखवते: तिथं ब्रुफर्डच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटबरोबर बाकीचेही ढोल बडवायला लागतात, ते काय ब्रुफर्डने केलं असतं? दुसऱ्या बाजूला झोप येते यावर एकमत होत आलेलं असतं, तेवढ्यात यॉर्कशायरवाला सांगतो, कीबोर्डला सगळ्यात जास्त जागा त्याच बाजूवर आहे. म्हणजे कंटाळलेल्या माणसानेच ती सजवलीय! आता पुन्हा ऐकणं आलं.

इथं नीट लक्ष द्या. रेकॉर्ड दुहेरी, म्हणून किंमतही जबर; पाच जणांनी वर्गणी काढून ती आणलीय. एवढे पैसे घातल्यावर एकदा ऐकून ‘आवडलं नाही’ म्हणणं परवडत नाही. दर रात्री पुन्हा लावायची, दर रात्री भांडायचं. डिसेंबरात नावडलेला तुकडा जानेवारीत ओठांवर येतो, आवडलेला पातळ वाटायला लागतो. यांची मतं अशी हळूहळू, शेगडीपाशी, पाठ गारठवून पिकतात. म्हणूनच पन्नास वर्षांनीही यातले काही जण तेच भांडण तेवढ्याच त्वेषाने करणार आहेत. येत्या मे महिन्यात, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, वेकमन ‘येस’ सोडणार आहे. ते तुम्हाला माहीत आहे. नियम आठवा.

‘‘आणि तुला काय वाटतं?’’ मुलगी विचारते. ‘‘श्रुती-स्मृतीवाल्यांचं मत हवंच.’’

‘ठीक आहे’ म्हणून सुटता येणार नाही. ते उत्तर या खोलीत चालत नाही. तुम्ही धीर करून म्हणता, ‘‘तिसरी बाजू.’’

टोस्टवाल्याचा काटा हवेत थांबतो. तिसरी? तो खडखडाट? तुम्हीही आता मागे हटत नाही: खडखडाट आहेच, पण शेवटच्या काही मिनिटांत स्टीव्ह हाउ साधी गिटार घेऊन बसतो, आणि आधी एवढे कान किटवले नसते तर ती एवढी गोड लागली नसती. ब्रुफर्डवाला ‘‘हे मी महिनाभर सांगतोय’’ असं ओरडतो, जे साफ खोटं आहे. मुलगी काही न बोलता तिसरी बाजू लावते. सगळे एकावर एक बोलतायत, आणि अचानक हाउची गिटार खाली खाली घसरत, जाड होत, म्हशीच्या आवाजात थांबते. विजेच्या मीटरमधलं नाणं संपलं.

अंधारात पाचही जण तुमच्याकडे वळतात. इथला रिवाज सोपा आहे: बाजू ज्याने निवडली, नाणं त्याने टाकायचं. खिसा चाचपा.