सांबाचीं धुळाक्षरें

रिओ दि जानेरो शहरीं कार्निव्हलच्या दिवसांत अडीचशे-तीनशे वादकांचा एकेक ताफा सांबा वाजवीत मिरवणुकीनें जातो, तेव्हां पाहणारास वाटतें कीं, ही मंडळी ताल घेऊनच जन्मास आली असावी. परंतु त्या ताफ्यांतील नवशिक्याच्या हातीं आरंभीं काय देतात, हें पाहूं लागलें म्हणजे सांबाच्या इतिहासाचें एक टोंकच आपल्या हातीं येतें.

ब्राझीलनें गुलामगिरी इ. स. १८८८ मध्यें रद्द केली. त्या सुमारास बाहिया प्रांतांतून पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबें रिओस, म्हणजे तेव्हांच्या राजधानीस, आलीं आणि प्रासा ओंझे या चौकाच्या आसपास राहिलीं. त्यांच्या अंगणांत वाजणाऱ्या सांबावर पोलिसांची वक्रदृष्टि असे. झुआंव दा बायाना या वादकाचें पांदेइरो, म्हणजे आपल्या खंजिरीच्या जातीचें वाद्य, १९०८ मध्यें पोलिसांनीं हिसकावून नेलें. मग एका सेनेटरानें त्यास नवें पांदेइरो देऊन त्यावर स्वतःचें नांव कोरविलें. वाद्यास असें अभयपत्र लागावें, यांतच त्या काळाचें चित्र पुरतें उमटतें! पुढें १९३५ सालीं नगरपालिकेनेंच सांबा-संघांच्या मिरवणुकीस अधिकृत मान्यता दिली.

मधल्या काळांत एक मोठी गोष्ट घडली होती. १९२८ सालीं एस्तासियो वस्तींत 'देइशा फालार' हा संघ निघाला. जुन्या धर्तीच्या सांबावर नाचतां येई, पण घोळक्यानें चालतां येत नसे, अशी त्याच्या संस्थापकांपैकीं इज्माएल सिल्वाची तक्रार होती. सर्वांचीं पावलें एकत्र पडावीं असा एक भारी ठोका हवा होता. बिदे नांवाच्या चांभारानें लोण्याचा मोठा गोल डबा घेऊन त्याचा ढोल बनविला, असें सांगतात. आणि 'सुर्दो' या ढोलाचें श्रेय त्यालाच दिलें जातें. सुर्दो म्हणजे बहिरा. ज्याचें सर्वांनीं ऐकावयाचें, त्याचेंच नांव बहिरा!

नवशिक्यास पुष्कळ ठिकाणीं हाच ढोल देतात. काम दिसावयास सोपें: दोन मात्रांत एक ठोका. पण 'पहिला सुर्दो' म्हणून जो सर्वांत खर्जाचा ढोल, तो वाजतो दुसऱ्या मात्रेवर. पहिल्या मात्रेवर 'दुसरा सुर्दो' त्यास उत्तर देतो. समेवर मान हलविण्याची संवय असलेल्या आमच्यासारख्या श्रोत्यांस हा उलटा हिशेब प्रथम चकवितो. शिवाय उजव्या हातानें ठोका द्यावयाचा आणि डाव्या तळव्यानें नाद वेळींच दाबावयाचा. दाबणें चुकलें कीं पुढच्या ठोक्याची जागा बुजते. शेजारीं तांबोरींच्या चपळ काड्या सुरू झाल्या म्हणजे नवशिक्याचा हात उगाच धांवूं लागतो, आणि भारी ढोल धांवला कीं साऱ्या ताफ्याचीं पावलें धांवतात. आमच्या मतें खरा अभ्यास या आंवरण्याचाच आहे. काड्यांची करामत मागाहून येते. कागदावरील लिपीचें साहाय्य बहुधा नसतें. तबल्याच्या बोलांप्रमाणें तोंडानें अक्षरें म्हणावयाचीं, जाणत्याच्या शेजारीं उभें राहावयाचें आणि नायकाच्या हातावरून नजर ढळूं द्यावयाची नाहीं.

नजर कां ढळूं नये, हें 'पारादिन्या'च्या वेळीं कळतें. १९५९ मध्यें मोसिदादे या संघाचा नायक आंद्रे यानें ही युक्ति रूढ केली, असें मानतात: चालत्या मिरवणुकींत सारीं वाद्यें एकदम थांबतात, गाणें मात्र चालूं राहतें, आणि ठरल्या मात्रेस सर्व पुन्हां एकत्र पडतात. त्या शांततेंत मोजदाद ज्याची त्यानेंच ठेवावयाची असते.

मांगेइरा संघाची रीत याहूनहि कठोर. तेथें परंपरेनें उत्तर देणारा दुसरा सुर्दो ठेवीतच नाहींत. पहिली मात्रा तशीच मोकळी जाते, आणि नवा वादक ती मनांत धरून आपल्या ठोक्याची वाट पाहतो.