नोंदणीच्या दारातले कोडे

एखाद्या संकेतस्थळाचे सदस्य होताना नाव, ई-मेल आणि पासवर्ड भरून झाला, की शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचे किंवा छायाचित्रांतील ट्रॅफिक सिग्नल शोधण्याचे काम पुढ्यात येते. आपण माणूस आहोत, हे यंत्राला पटवून देण्याचा हा विधी ‘कॅप्चा’ या नावाने ओळखला जातो. तो कोणाला रोखण्यासाठी निर्माण झाला आणि प्रत्यक्षात कोणाला रोखतो, ही दोन निरनिराळ्या उत्तरांची गोष्ट आहे.

बनावट खाती उघडणाऱ्याला तेथील चर्चेत काडीचाही रस नसतो. एखाद्या पानाकडे किती ठिकाणांहून दुवे येतात, यावरून शोधयंत्रे त्या पानाचे महत्त्व जोखतात. त्यामुळे गजबजलेल्या संकेतस्थळावर जुगाराच्या किंवा बनावट औषधांच्या दुकानाचा दुवा चिकटवता आला, तर दुकान शोधाच्या यादीत वर सरकण्याची आशा असते. हे काम हाताने करणे परवडत नाही. ‘बॉट’ म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम मात्र तोच अर्ज रात्रभरात हजारो वेळा भरतो.

अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या आघाडीच्या शोधयंत्रावर कोणालाही आपल्या पानाचा पत्ता नोंदवण्याची सोय होती. बॉटनी तिचा गैरवापर सुरू केल्यावर १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांचे चित्र दाखवून ती अक्षरे टंकित करायला लावण्याची युक्ती काढली. त्यासाठी त्यांनी चक्क स्कॅनरचे माहितीपुस्तक उघडले. यंत्राला मजकूर नीट वाचता यावा म्हणून काय टाळावे, हे त्यात सांगितले होते. या मंडळींनी नेमके तेच मुद्दाम केले. बनावट नोंदी ९५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे ब्रोडर यांनी नमूद केले आहे.

याहूच्या गप्पांच्या दालनांत माणसांचे सोंग घेऊन जाहिराती पसरवणाऱ्या बॉटची तक्रार २००० मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पोहोचली. मॅन्युएल ब्लम आणि त्यांचे विद्यार्थी लुइस व्हॉन आन यांच्या चमूने या प्रकाराला शास्त्रीय बैठक दिली आणि ‘कॅप्चा’ हे नावही दिले. अॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या कसोटीत माणूस यंत्राची परीक्षा घेतो. येथे यंत्रच माणसाची परीक्षा घेते.

ही तटबंदी फार काळ टिकली नाही. याहूने वापरलेले कोडे ९२ टक्के वेळा अचूक सोडवणारी पद्धत बर्कलेच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी २००३ मध्येच प्रसिद्ध केली. मग अक्षरे आणखी वाकडी झाली. कोड्यांवर दररोज लाखो तास वाया जातात, या जाणिवेतून व्हॉन आन यांनी २००७ मध्ये ‘रीकॅप्चा’ आणले. त्यातील दोन शब्दांपैकी एक जुन्या पुस्तकातला, यंत्राला न वाचता आलेला असे आणि लोकांच्या उत्तरांतून तो उलगडत असे. २००९ मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली. मात्र २०१४ मध्ये गुगलनेच जाहीर केले, की आपली प्रणाली सर्वांत अवघड अक्षरकोडेही ९९.८ टक्के अचूकतेने वाचते. तेव्हापासून भर चित्रांवर आणि वापरणाऱ्याच्या हालचालींवर आला. पुढे २०२४ मध्ये झुरिचच्या संशोधकांच्या प्रणालीने चित्रांची कोडीही शंभर टक्के सोडवली.

दरम्यान, यंत्राला वळसा घालण्याचा साधा मार्ग बाजाराने शोधला होता. कोडे माणसासाठी आहे ना, मग माणूसच बसवा! २०१० च्या सुमारास भारत, बांगलादेश आणि चीनमधील तरुण हजार कोडी सोडवून साधारण एक डॉलर मिळवत होते. त्या वेळच्या दराने एका कोड्यामागे पाच पैशांहूनही कमी. स्पॅम पसरवणाऱ्याच्या दृष्टीने हा खर्च जवळपास शून्य म्हणावा लागेल.

किंमत मोजली ती इतरांनी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला अक्षरांचे चित्र वाचता येत नाही. वाचता आले असते, तर बॉटलाही आले असते. त्यामुळे दृष्टिहीन व्यक्ती दारातच अडते. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने २००५ मध्येच या अन्यायाकडे लक्ष वेधले होते. ध्वनीचा पर्याय आला, पण गोंगाटात मिसळलेले इंग्रजी शब्द ओळखणे ऐकू येणाऱ्यालाही जड जाते. पुढे या अडचणीचाच मुखवटा झाला. २०२३ मध्ये जीपीटी-४ च्या चाचणीत या प्रणालीने कोडे सोडवण्यासाठी एका माणसाला कामाला लावले आणि ‘तू रोबो तर नाहीस?’ अशी शंका त्याने घेताच आपल्याला नीट दिसत नसल्याची थाप मारली.

भाषेचा अडसर वेगळाच. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. मात्र खाते उघडणाऱ्यापुढे वर्षानुवर्षे रोमन लिपीतल्या शब्दांचे चित्र ठेवले जात होते. ज्याला मराठीत लिहायचे आहे, त्याची परीक्षा इंग्रजी अक्षरांत का घ्यावी, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत प्रतिनिधीला सापडलेले नाही.

संचालकाच्या हाती मग उरते काय? काही उपाय साधे, तरीही उपयोगाचे आहेत. अर्जात डोळ्यांना न दिसणारा रकाना ठेवावा. माणूस तो भरत नाही, भाबडा बॉट भरतो आणि पकडला जातो. मात्र वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामपासूनही तो लपवायला हवा, अन्यथा पुन्हा दृष्टिहीनच अडकेल. स्थानिक माहितीवरचा प्रश्न विचारणे लहान संकेतस्थळांना पूर्वी पुरत असे. आता भाषा जाणणाऱ्या प्रणाली तोही सोडवतात. ई-मेलची खातरजमा आणि एकाच पत्त्यावरून होणाऱ्या नोंदणीवर मर्यादा यांनी वेग तरी कमी होतो.

अधिक परिणामकारक दिसतो तो दार उघडे ठेवून आतले अधिकार सावकाश देण्याचा मार्ग. इंग्रजी विकिपीडियावर कोणालाही खाते उघडता येते, पण चार दिवस आणि दहा संपादने झाल्याखेरीज अर्धसुरक्षित पानांना हात लावता येत नाही. २००७ च्या जानेवारीत तेथील बाहेरच्या दुव्यांना ‘नोफॉलो’ ही खूणही जोडली गेली. शोधयंत्रांनी हे दुवे मोजू नयेत, हा तिचा अर्थ. यामुळे दुवा चिकटवण्यातला मुख्य नफा संपला. बॉट चालवणारे मात्र अशा खुणा तपासत बसत नाहीत. म्हणूनच नव्या सदस्यांच्या ताज्या नोंदींवर नजर ठेवून त्या पुसणारे स्वयंसेवक तेथे आजही आहेत.